पांढऱ्या गोळीचे हरवलेले केसपेपर

१

प्रभावती उजाडता उजाडता गेली. तिला पोचवायला गेलेली माणसं परत यायच्या आत सांगलीच्या पेठेत बोभाटा झाला, की धर्मार्थ दवाखान्यात विष घालून बाई मारली. आता गावाच्या तोंडाला झाकण कोण घालणार? साल पंचेचाळीसचं, मार्गशीर्षातली थंडी, लढाई नुकतीच संपलेली. लोकांना बोलायला नवा विषय हवाच होता. पण या वेळी त्यांना खोटं तरी कसं म्हणावं? बाई फुफ्फुसाच्या तापानं आलेली. ताप उतरला, खोकला मोडला, दोन दिवसांत घरी न्यायची म्हणून नवऱ्यानं बैलगाडी सांगून ठेवलेली. आणि मध्येच तिची लघवी लाल झाली, मग बंदच पडली. तोंड सुजलं आणि बाई हातची गेली.

चौकशीला आले फौजदार हंबीरराव शितोळे. मूळचे खंडाळ्याचे. संस्थानच्या नोकरीत सांगलीला येऊन अजून वर्ष व्हायचं होतं. सख्ख्या भावानं रामराम घातला तरी ह्याच्या पोटात काय असेल, असं बघणारा हा माणूस. बायको म्हणायची, ह्यांना देवानं डोळे दिले ते संशय घ्यायलाच.

"फौजदारसाहेब, हा सरळसरळ खून आहे," डॉक्टर रघुनाथ लिमये म्हणाले. गोरेपान, कडक इस्त्रीचा कोट, बोलणं तोलूनमापून. "आणि खुनी हुशार आहे. प्रभावतीचा केसपेपर माझ्या कपाटातून नाहीसा झालाय. तिचाच नव्हे, आणखी दोघांचे."

"त्या कागदात असतं काय?"

"रोग्याची सगळी हकीकत. काय दिलं, काय झालं. लष्कराच्या कोठारातून मला एक नवी पांढरी गोळी मिळाली आहे. फुफ्फुसाच्या तापावर रामबाण. इथल्या रोग्यांवर ती कशी लागू पडते, त्याच्या केसेस मी लिहून काढतोय. पुढच्या महिन्यात मुंबईला डॉक्टरांच्या सभेत निबंध वाचायचा आहे." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "गोळ्या रोग्याच्या हातात देते ती मनुबाई नर्स. प्रभावतीच्या सासूशी तिचं वाजलं होतं. अख्ख्या वॉर्डानं ऐकलंय. मी नाव घेत नाही, तुम्ही काय ते समजा."

नाव घेत नाही म्हणायचं आणि घ्यायचं! तेवढ्यात दार ढकलून एक चाळिशीची बाई आत आली. तीच मनुबाई.

"डाक्टर, लवकर चला. कडंच्या खाटंवरची त्रिशला... नांद्र्याची पोर ती... तिलाबी लाल झाली!"

२

त्रिशला म्हणजे विशीच्या आतली, हातात अजून हिरवा चुडा असलेली. उशाशी तिची आई चंपाबाई, पदर तोंडात कोंबून बसलेली. "डाक्टर, माझ्या लेकीला वाचवा," एवढंच ती म्हणत होती. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. पण पोटात गेल्या होत्या त्यांचं काय? आणि नक्की कशाशी लढायचं तेच कळेना, तर औषध तरी कशावर देणार? ही पोर हातची जायच्या आत कारण सापडायला हवं होतं. मेलेल्या माणसाचा तपास सावकाश करता येतो, जित्या माणसाचा येत नाही.

त्यांनी मनुबाईला व्हरांड्यात घेतलं.

"भांडण कशापायी झालं हुतं?"

"पाण्यापायी, साहेब." मनुबाईचे डोळे भरले. "मी उकळून गार केलेलं पाणी न्यायची, आन् प्रभावतीची सासू माझ्यादेखत ते फडक्यानं गाळून घ्यायची. मला वाटलं, माझ्या हातचं म्हणून गाळती. लागलं मनाला. बोलले चार शब्द. पर म्हणून मी तिच्या सुनंला मारीन व्हय? विधवा बाई मी, ह्या नोकरीवर माझ्या दोन पोरी वाढत्यात."

"गोळ्या बरोबर दिल्या का?"

"दिल्या. आन् पाणीबी. डाक्टरांची सक्त ताकीद हाय, ह्या गोळीला पाणी लय लागतं. सांजच्याला रात्रीच्या गोळ्या आन् भरलेला मोठा तांब्या खाटंशी ठेवायचा, सकाळी बघायचा. जो गोळी चुकवील, पाणी चुकवील, त्याचं नाव कमी. प्रभावतीचा तांब्या रोज सकाळी रिकामा. त्रिशलाचाबी. त्या पुरुषांकडच्या नानासो पाटलाला मातूर रोज बोलावं लागायचं, त्याचा अर्धा तसाच."

"आन् तो नानासो कसा हाय?"

"ठणठणीत! गेला की ऊस तोडायला."

मग कंपाउंडर आकाराम. हा मुलखाचा तापट. विषाचा शब्द ऐकताच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाटली काढून त्यानं दोन गोळ्या हंबीररावांसमोर तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्याला.

"ही बगा त्याच बाटलीतली! मेलो तर समजा इख हुतं."

"बस खाली, तमाशा पुरे. कपाटाचं कुलूप तोडलं हुतं का?"

"न्हाई बा. जसंच्या तसं. किल्ली डाक्टरांच्या कोटात असती, मनुबाईला ठिकाण ठावं हाय, मलाबी हाय."

"आन् ते दुसरे दोन कागद कुणाकुणाचे?"

आकारामनं डोकं खाजवलं. "एक कवठ्याचा भाऊसो मगदूम. एक दुधगावची म्हातारी. दोघांलाबी लाल लघवी झाली, दोघंबी भिऊन मधीच पळून गेली घरला. गोळ्या सुटल्या आन् बरी झाली म्हणं." तो एकदम थांबला. बाहेर बघून हळूच म्हणाला, "साहेब, एक बोलू? ती दोघं जैन. प्रभावती जैन. आन् आत पडलीय ती पोरबी जैनच. वॉर्डात मराठे हायत, धनगर हायत, मुसलमान हायत. त्यांच्या केसालाबी धक्का न्हाई. कुणीतरी निवडून निवडून मारतंय."

३

हे पेठेत कळलं असतं तर दवाखान्यावर दगड पडले असते. हंबीररावांनी आकारामला तोंड शिवून बसायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभावतीच्या घरी गेले.

नवरा जिनदत्त सोप्यात बसला होता. हळदीचा व्यापारी. चेहरा कोरडा ठक्क. हंबीररावांनी येताना शेजारी-पाजारी कान लावला होताच. लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता, आणि जिनदत्तसाठी दुसरी मुलगी बघायचं चाललंय, अशी कुजबुज होती.

"खरं का हे?" त्यांनी तोंडावर विचारलं.

"लोकं बोलत्यात," जिनदत्त म्हणाला. "आईनं विषय काढला हुता एकदा. मी म्हटलं, ही हाय तवर दुसरी न्हाई. फौजदार, तुमी मला काय विचारायचं ते विचारा, पर तिच्या माघारी असलं बोलू नगा." आणि एवढा वेळ कोरडा बसलेला तो माणूस उठून आत गेला, तो पुन्हा बाहेर आला नाही.

हंबीरराव जरा वरमले. पण संशय सोडतील तर ते हंबीरराव कसले?

सासू पद्मावतीबाई मात्र पुढं येऊन बसली. साठीची, सडपातळ, पाठीचा कणा ताठ. तिच्या बोलण्यात धार होती.

"त्या नर्सनंच घातलं. पाण्यावरनं पाण्यात बघत हुती ती आमाला."

"तुमी रात्री सुनंजवळ हुता?"

"रोज रात्री. उशाशी. डोळ्याला डोळा लावला न्हाई मी."

"मग रात्री कोण आलं? कुणी काय पाजलं?"

"कुणी पाजलं न्हाई आन् तिनं घेतलं न्हाई!" म्हातारी ठसक्यात म्हणाली. "आमच्या घरचं माणूस हाय ते. रात्रीचं तिच्या तोंडात काईबी गेलेलं न्हाई, मी छातीवर हात ठिवून सांगते."

मनुबाई म्हणते, तांब्या रोज सकाळी रिकामा. ही म्हणते, रात्री तोंडात काही गेलं नाही. दोघींतली एक सपशेल खोटं बोलत होती. आणि मौज अशी, की दोघींचेही डोळे खऱ्या माणसाचे होते.

दवाखान्यात परतल्यावर ते प्रभावतीच्या रिकाम्या खाटेपाशी उभे राहिले. सहज म्हणून खिडकीतून वाकून पाहिलं. मागची जमीन नुसती मुरमाड, पावसाळ्यानंतर थेंब पडलेला नाही, गवत करपून गेलेलं. आणि बरोबर ह्या खिडकीखाली झेंडूची दोन झाडं माजली होती.

पलीकडं मनुबाई त्रिशलाचं अंग पुसत होती. "सकाळधरनं थेंबभरच झाली," ती म्हणाली. "तीबी नुसतं रगत."

४

निवडून मारतंय म्हणावं, तर कुणाला निवडलं नाही ते बघायला पाहिजे. हंबीररावांनी आकारामला पुन्हा पकडलं.

"नीट आठव. हीच गोळी खाऊन बरा झालेला, काई न झालेला, एक तरी जैन सांग."

आकारामनं डोळे मिटले, पुटपुटत नावं मोजली आणि उडालाच. "हाय की! समडोळीचा जयपाल. पलटणीतला. रजंवर आला आन् तापानं पडला. त्याच बाटलीतल्या गोळ्या, त्याच डाक्टराच्या हातच्या. चालत घरी गेला गडी."

हंबीररावांनी टांगा जोडायला लावला.

जयपालचा बाप ओट्यावरच भेटला. लेकाचं कौतुक सांगताना त्याची छाती फुगत होती. "सायबा, माझा पोरगा मिसर देशापातूर जाऊन आला. पर पलटणीत ऱ्हाऊन नेम मोडला न्हाई. दिवस मावळला की अन्न बंद, पाणी बंद. उजाडल्याबिगर थेंब न्हाई. आन् दिवसाबी पाणी गाळूनच, जीवजंतू मरू नये म्हणून."

"पाणीसुदीक?" हंबीररावांनी विचारलं. त्यांच्या खंडाळ्याकडं जैनांचं घर औषधालाही नव्हतं. सांगलीत आल्यावर जैन लोक दिवसाउजेडी जेवतात एवढं त्यांनी ऐकलं होतं. पाण्याचं कुणी बोललं नव्हतं. सांगलीकरांना ते इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगावंसं वाटणार कुणाला?

"समदी न्हाई पाळत एवढं कडक. पर ज्यानं मुनिम्हाराजांम्होरं नेम घेतला, त्यानं पाळायचाच. मग आजारपण असू दे न्हाईतर मरण."

जयपाल खाली मान घालून उभा होता. हंबीरराव त्याला म्हणाले, "चल, मला टांग्यापातूर सोड." वळणावर आल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गड्या, एक विचारतो, खरं सांग. दवाखान्यात रात्री तुझा तांब्या कोण रिकामा करत हुतं?"

जयपालचा चेहरा पडला. "दादांस्नी सांगणार न्हाई न्हवं?"

"न्हाई सांगत."

"मीच. पलटणीत रातपाळीला चहा प्याया लागलो, तवाच नेम सुटला. त्या गोळीनं तर घसा असा सुकायचा! तांब्या संपवून मी नर्सबाईंकडं आनखी मागायचो." मग तो घाईनं म्हणाला, "पर बाकीच्यांचं मला म्हाईत हाय. शेजारच्या खाटंवर कवठ्याचा भाऊसो हुता. त्यो दिवस मावळायच्या आत रात्रीच्या समद्या गोळ्या एका घोटात गिळायचा. आन् तांब्या खिडकीतनं बाहीर. न्हाईतर डाक्टर नाव कमी करनार, गोळी बंद! दुसरीकडं ती गोळी मिळती कुठं?"

हंबीरराव वाटेतच उभे राहिले. ज्या गोळीला पाणी लय लागतं, ती ह्या माणसांनी एका घोटावर गिळली होती. थंडीचे दिवस, रात्र मोठी, आणि त्या सबंध रात्रीत पाण्याचा थेंब नाही. विष बाटलीत नव्हतं आणि कुणाच्या हातातही नव्हतं. मनुबाई खोटं बोलत नव्हती, म्हातारीही बोलत नव्हती. खोटा होता तो रिकामा तांब्या.

त्यांनी वर पाहिलं. सूर्य खाली उतरायला लागला होता.

"टांगा हाण," ते ओरडले. "घोडं मेलं तरी चालंल!"

५

लिमये आपल्या खोलीत निबंधाची पानं लावत बसले होते. हंबीररावांनी सगळं भराभरा सांगितलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"गोळी मूत्रपिंडात साखळली," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पाणी नाही म्हणून तिचे खडे झाले. सुईसारखे. म्हणून रक्त."

"उपाय?"

"लघवी पुरती थांबलेली नाही तोवर आहे. सोडा आणि पाणी. भरपूर पाणी, सारखं, रात्रभर." ते उठले, आणि हंबीररावांनी दारात हात आडवा लावला.

"आधी केसपेपर."

"ते चोरीला..."

"डाक्टर, इख घालणारा चोर असता तर प्रभावतीचा एकटीचा कागद न्हेता. जी दोघं घरला जाऊन बरी झाली, त्यांच्या कागदाची त्याला काय भीती? त्या तीन कागदांची भीती एकाच माणसाला हुती. ज्याच्या निबंधात समदे रोगी हसत घरी जायला पायजेत, त्याला. कुलूप न तोडता कपाट उघडनारा तिघांतला त्योच. भाऊसोची लाल लघवी बघितलीत तवाच इचारलं असतं, बाबा, रात्री पाणी पितोस का? तर दुधगावच्या म्हातारीला झालं नसतं. प्रभावती आज घरी असती. तुमी कागद लपवलात. आन् वर त्या गरीब मनुबाईचं नाव पुढं केलंत!"

लिमये खुर्चीला धरून उभे राहिले. "मला वाटलं, त्यांना जुना मूत्रपिंडाचा विकार असेल. अपवाद असतील," ते कसेबसे म्हणाले. "पहिला अपवाद काढून टाकला, मग दुसरा काढणं सोपं गेलं." त्यांनी हातपेटीतून तीन कागद काढून टेबलावर ठेवले. हंबीररावांना त्यांचा संतापही आला आणि कीवही. पण आता दोन्हीला वेळ नव्हता. त्यांनी हात काढला आणि डॉक्टर वॉर्डाकडं धावत सुटले.

त्रिशलाच्या खाटेपाशी मनुबाई सोड्याच्या पाण्याचा पेला घेऊन उभी होती. डॉक्टरांनी समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. उजेड होता तोवर पोरीनं दोन पेले घेतले. मग खिडकीबाहेरचा प्रकाश गेला आणि तिनं ओठ मिटले.

"आये, नेम हाय माझा," ती क्षीण आवाजात म्हणाली.

चंपाबाई रडायला लागली. "मी कसं सांगू हिला? मीच तिला नेम घ्यायला न्हेलं हुतं. आवं, कुणीतरी सांगा!"

कोण सांगणार? डॉक्टर ब्राह्मण, फौजदार मराठा, मनुबाईच्या हातचं पाणी तर गाळून घेतलेलं. ह्यांच्या तोंडून नेम मोड म्हटलं, तर पोरीच्या लेखी त्याला काय किंमत? हंबीररावांना एकच माणूस आठवलं. ते टांग्यात बसले आणि पद्मावतीबाईंच्या दारात उतरले. घराला सुतक होतं. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी विचारलं.

"आई, खिडकीतनं पाणी कोण वतत हुतं?"

हंबीररावांनी मग राहिलेलं सांगितलं, हळूहळू, जमेल तेवढं मऊ करून. असली गोष्ट मऊ कशी करणार? म्हातारीची ताठ पाठ ऐकता ऐकता वाकत गेली. आतल्या दारात जिनदत्त येऊन उभा राहिलेला तिनं पाहिला, आणि मान फिरवली.

"ती नांद्र्याची पोर," ती शेवटी म्हणाली. "तिच्या आईला मीच सांगितलं हुतं, पाणी खिडकीतनं वत म्हणून. चला."

"आई, सुतक..." जिनदत्त म्हणाला.

"चला म्हटलं न्हवं?"

सगळा वॉर्ड बघत होता. पद्मावतीबाई मनुबाईपुढं गेली आणि हात पुढं केला. मनुबाईनं पेला दिला. म्हातारीनं पाणी गाळलं नाही. तशीच जाऊन त्रिशलाच्या उशाशी बसली आणि तिच्या मानेखाली हात घातला.

"पी."

"काकू, दिवस मावळलाय. पाप लागंल."

"लागलं तर मला लागंल. तू घेतलं न्हाईस, मी पाजलं." म्हातारीचा आवाज फुटला. "माझ्या प्रभावतीनं त्या रात्री पाणी मागितलं हुतं, पोरी. दोनदा मागितलं. नेम ती विसरली हुती, म्हणाली, आत्याबाई, घोटभर द्या. मी म्हटलं, जरा धीर धर, उजाडू दे. तांब्या माझ्या हातात हुता."

मनुबाई तोंड फिरवून भिंतीकडं उभी होती. त्रिशलानं आईकडं पाहिलं, मग ह्या परक्या बाईकडं.

"तू मागू नगंस," पद्मावतीबाई म्हणाली. "मीच देते. रात्रभर देते. पी."

पोरीनं तोंड उघडलं आणि ती पाणी प्याली.